बाईंची ‘फुकट’ वही



यंदाच्या प्रजासत्ताक दिनाच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सातवीच्या वर्गाला विषय दिला, ‘शिक्षकांना वर्गात वापरण्यासाठी इंटरनेटवर फुकट मिळणारी साधने’. वर्गातल्या बहुतेकांनी नावांच्या याद्या करून दिल्या. मलाही यादी देणे सोपे होते, कारण माझ्याजवळ आयती यादी आहे. आमच्या आधीच्या बाईंची वही! पण ती यादी उतरवायला बसले की मला एक उसाचे वावर आठवते आणि हात थांबतो. म्हणून यादीबरोबर त्या वावराची गोष्टही लिहिते. लेख लांबला आहे. गुरुजींनी दोनाऐवजी चार तक्ते दिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

आमचे गाव भीमेच्या काठी. नदीच्या अलीकडे आपला शिरूर तालुका, पलीकडे दौंड तालुका. पुलावर उभे राहिले की पाठीमागे शिरूर आणि समोर दौंड. दोन्हीकडे उसाची वावरे, दोन्हीकडे जिल्हा परिषदेच्या शाळा. हे सांगायचे कारण असे की बाईंची गेल्या वर्षी बदली झाली ती पलीकडे, दौंड तालुक्यात. जाताना त्यांनी नव्या गुरुजींच्या हाती किल्ल्या दिल्या, हजेरीपट दिले आणि एक जाड वही दिली. वहीवर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘फुकट मिळणाऱ्या गोष्टी’. वही पावसाने भिजून काही पाने फिकट झाली होती. माझे अक्षर बरे आहे म्हणून गुरुजींनी मला ती नव्या वहीत उतरवायला दिली. त्या वहीत मला काय सापडले ते पुढे येईलच.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा मी पहिलीत होते. दुसरीचे वर्ष तर शाळेत बसलेच नाही. त्या वर्षी सरकारने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी योजना काढली होती. रोजचा अभ्यास शिक्षकांच्या मोबाईलवर यायचा आणि तिथून पालकांच्या मोबाईलवर. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा कार्यक्रमही लागायचा. सगळे फुकट होते, खोटे कशाला बोला! पण आमच्या घरी मोबाईल एकच, तो अण्णांच्या खिशात, आणि अण्णा वावरात. टीव्ही होता, तर नेमकी त्या वेळेला लाईट नसायची. अभ्यास गावापर्यंत आला, पण माझ्यापर्यंत आला नाही.

तिसरीत असताना शाळा पुन्हा भरली. बाईंनी मला उभे करून धडा वाचायला सांगितला. सुटी अक्षरे मी कशीबशी ओढली आणि जोडाक्षरापाशी अडले. शब्द होता ‘रस्ता’. मी म्हणाले, “र... स... ता.” मागून कोणीतरी फिस्सकन हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “आणखी कोणाकोणाचा रस्ता इथंच अडलाय? खरं सांगा, मी रागावणार नाही.” निम्म्या वर्गाचे हात वर झाले. हसणाऱ्याचाही!

तेव्हापासून बाईंची शोधाशोध सुरू झाली. गावात मोबाईलला रेंज नीट मिळते ती मारुतीच्या देवळाजवळच्या पारावर. शाळा सुटली की बाई पारावर बसायच्या आणि मोबाईलमध्ये काहीतरी उतरवून घ्यायच्या. म्हातारी माणसे म्हणायची, “बाईंना काय, फुकटचा पगार. बसल्यात मोबाईल खेळत.” बाई काही बोलायच्या नाहीत.

एके दिवशी त्या न्हावऱ्याहून झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आल्या. त्यात गोष्टी होत्या! प्रथम बुक्स ही मुलांची पुस्तके काढणारी संस्था आहे. तिने २०१५ साली इंटरनेटवर ‘स्टोरीवीव्हर’ नावाचे गोष्टींचे भांडार खुले केले. त्यात पुष्कळ भाषांतल्या गोष्टी आहेत, मराठीतल्याही आहेत, आणि सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर एका पानावर एखादेच वाक्य. गोष्ट उतरवून घ्यावी, छापावी, मुलांना वाटावी, कोणी पैसे मागत नाही. लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव मात्र ठेवायचे. बाईंनी पाने दुमडून स्टेपल मारले, आम्ही काळ्या चित्रांत रंग भरले, आणि झाली पुस्तके तयार. त्यातले बारा पानांचे एक पुस्तक मी चार दिवसांत वाचले. माझ्या आयुष्यातले ते पहिले अख्खे पुस्तक! संध्याकाळी चुलीपाशी आजीला वाचून दाखवले. आजीला अक्षर येत नाही. ती म्हणाली, “आगं, पुन्यांदा वाच. तू वाचतीस का पाठ म्हणतीस ते बघू दे.” मी मधलेच पान उघडून वाचले, तेव्हा तिचा विश्वास बसला.

त्याच सुमारास बाईंच्या मोबाईलवर वाचनाचा सराव घेणारे एक ॲपही होते. गूगल कंपनीने ते २०१९ साली भारतात काढले, पहिले नाव ‘बोलो’. आपण मोठ्याने वाचायचे, ते ऐकते, अडलो तर शब्द सांगते, बरोबर आले की चांदण्या देते. प्रत्येकाला दहा मिनिटे. रांगेत उभे राहून आम्ही चांदण्या गोळा करायचो. मोबाईल हसत नाही आणि कंटाळतही नाही, त्यामुळे लाजाळू मुलेही त्याच्यापुढे मोठ्याने वाचायची. पण एक गंमत सांगते. एका मुलाने शब्द चुकीचा वाचला तरी चांदणी मिळाली. तो खूश! बाईंनी पाठीमागून ऐकले होते. म्हणाल्या, “त्याला तुझं चाललं, मला चालत नाही. पुन्हा वाच.” यंत्र कान देते, पण मूल कुठे अडले आणि का अडले हे बाईंनाच कळायचे.

चौथीत गेल्यावर मी भरभर वाचू लागले. आता मुख्य गोष्टीकडे येते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ठिकठिकाणी काळ्या ठिपक्यांचा चौकोनी छाप असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईलने तो टिपला की त्या धड्याचे चित्रफीत वा सराव उघडतो. ही साठवण ‘दीक्षा’ नावाच्या सरकारी ॲपमध्ये आहे. ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे शिक्षक दिनाला सुरू झाले. पुस्तकात असा छाप चिकटवायची कल्पना आपल्या महाराष्ट्रात आधीच एका जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी राबवली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बाई हे सांगताना नेहमी म्हणायच्या, “छाप कोणीही चिकटवील. वाटून टाकणं अवघड.”

तर झाले असे. फेब्रुवारी २०२३ मधला रविवार. बाईंनी गृहपाठ दिला होता, विज्ञानाच्या धड्यावरचा छाप घरच्या मोबाईलवर उघडायचा, पाहायचा आणि पाच वाक्ये लिहायची. मी अण्णांच्या पाठीमागे लागले. अण्णा म्हणाले, “आज टोळीच्या मुकादमाचा निरोप यायचाय.” आमचा ऊस तोडीला आला होता. पण बाईंनी सांगितले म्हटल्यावर अण्णांनी मोबाईल घरी ठेवला आणि ते वावरात गेले. जाताना बजावले, “फोन वाजला की पळत ये सांगायला.”

मी धडा पाहिला. पाच वाक्ये लिहिली. आणि मग? मग मोबाईल हातात होता, घरात कोणी नव्हते. मी कार्टून लावले. एक संपले की दुसरे आपोआप सुरू व्हायचे. दुपार झाली तरी मी तिथेच. दिवसाचा डाटा संपला आणि पाठोपाठ बॅटरीही संपली. मोबाईल बंद पडला. लाईट नव्हती म्हणून चार्जिंगही लागेना. मी तो गुपचूप फडताळात ठेवून दिला.

मुकादमाचे फोन आले ते लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आमच्या बांधाला न येता पुढच्याच्या वावरात गेली. आमचा ऊस आणखी पंधरा-सोळा दिवस उभा राहिला. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना पुढचे सांगायला नको. तुरे आलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटते. अण्णांनी मला विचारले, “काय करत होतीस दिवसभर?” मी म्हणाले, “बाईंनी दिलेला अभ्यास.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसे माझे झाले. अण्णा तडक शाळेत गेले. सगळ्या वर्गादेखत म्हणाले, “बाई, तुमच्या त्या मोबाईलच्या शाळेपायी माझा ऊस उभा राहिला. पोरगी दिवसभर तुमचा अभ्यास बघत बसली. फुकट, फुकट म्हणता, माझं नुकसान कोण भरून देणार?” मी खाली मान घालून बसले होते. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. एकदाच. मग म्हणाल्या, “दादा, चूक माझी झाली. घरच्या मोबाईलवर अभ्यास द्यायला नको होता. पुन्हा देणार नाही.” अण्णा निघून गेले. बाईंनी फळा पुसला आणि गणित घातले.

गावात बोलबाला झाला. त्या दिवसापासून बाईंनी घरच्या मोबाईलवर एकही अभ्यास दिला नाही. सगळे शाळेतच! पारावर बसून उतरवून घ्यायचे, पेन ड्राईव्हमध्ये घालायचे, आणि पालकांनी वर्गणी काढून घेतलेल्या वर्गातल्या टीव्हीवर दाखवायचे. नेट नसले तरी अडत नसे.

मित्रांनो, खरे शिक्षण तर त्यानंतरच सुरू झाले असे मला वाटते. काही नमुने सांगते.

विजेचा धडा होता. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने ‘फेट’ नावाचे प्रयोग इंटरनेटवर ठेवले आहेत. कार्ल वीमन या शास्त्रज्ञांनी ते काम २००२ साली सुरू केले. त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. एवढा मोठा माणूस, पण पोरांसाठी खेळ करत बसला! मराठीतही ते प्रयोग आहेत आणि उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. टीव्हीच्या पडद्यावर आम्ही सेल, तार आणि बल्ब जोडला. बल्ब लागला. कोणीतरी सेलवर सेल वाढवत नेले आणि तार थेट जोडली, तर पडद्यावर जाळ! वर्गात एकच हशा. बाई म्हणाल्या, “इथं जाळ लागला तर काही बिघडत नाही, म्हणून इथं चुका करून घ्या. घरच्या बोर्डात बोट घालाल तर खबरदार.” मग त्यांनी पिशवीतून टॉर्चचा खरा बल्ब, खरा सेल आणि तारेचे तुकडे काढले. पडद्यावर जे केले तेच हाताने करायला लावले. आमच्या गटाचा बल्ब लागेना. तारेच्या टोकाचे प्लॅस्टिक सोलायचे राहिले होते. पडद्यावरच्या तारेला प्लॅस्टिक सोलावे लागत नाही, खऱ्या तारेला लागते. हे मी कधी विसरणार नाही.

दुसरा नमुना अरविंद गुप्ता यांचा. ते आयआयटीत शिकलेले इंजिनिअर. मोठ्या नोकरीऐवजी त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवायचे व्रत घेतले. पुण्यात आयुका या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती आणि ढीगभर पुस्तके फुकट आहेत, मराठीतही आहेत. बाईंनी त्यातली पिपाणी करायला शिकवली. शीतपेयाच्या नळीचे टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापायचे आणि फुंकायचे. वाजत असतानाच दुसरे टोक कात्रीने थोडे थोडे कापत जायचे. नळी आखूड होईल तसा आवाज बारीक, उंच होत जातो. तसेच काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे घेऊन त्रिकोण आणि चौकोन केले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. बाईंनी विचारले, “आता वर बघा. पत्र्याखालच्या कैचीत कोणता आकार दिसतो?” सगळ्यांच्या माना वर! चार वर्षे त्या पत्र्याखाली बसलो होतो, पण तिथले त्रिकोण त्या दिवशी दिसले.

तिसरा नमुना भूगोलाचा. आपल्या इस्रोने २००९ साली ‘भुवन’ नावाचा नकाशा इंटरनेटवर ठेवला. उपग्रहावरून टिपलेली आपली जमीन त्यात दिसते. बाईंनी भीमाशंकरपासून नदी धरली आणि वळणावळणाने खाली आणली. आमचे गाव आले, पूल आला, पुढे उजनीचे पाणी पसरलेले दिसले. मग मराठी विश्वकोश उघडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला तयार झालेला हा ग्रंथ. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढे जाड खंड विकत घेणे आमच्या शाळेला कुठले परवडणार? पण आता ते सगळे इंटरनेटवर फुकट वाचता येतात. बाई एकच माहिती दोन ठिकाणी पाहायला लावायच्या. एकदा मराठी विकिपीडियावर, एकदा विश्वकोशात. विकिपीडिया कोणालाही लिहिता येतो, दुरुस्तही करता येतो. म्हणून तिथले वाक्य पडताळून घ्यायची सवय आम्हाला लागली.

आणि चौथा नमुना हाताच्या कामाचा. आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी तो १९८३ साली सुरू केला. काम करता करता शिकायचे, हा तिथला धडा. अमेरिकेच्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या मदतीने २००२ साली तिथे ‘फॅब लॅब’ झाली. यंत्रावर स्वतः वस्तू घडवायच्या प्रयोगशाळेला तसे म्हणतात. म्हणजे बघा, जगातली नवी साधने पुण्या-मुंबईलाच येतात असे नाही, ती पाबळलाही येतात. बाईंनी वहीत पाबळच्या पानावर लिहिले आहे, ‘पडद्यावर पाहिलेले हाताने केल्याशिवाय पान उलटू नये.’

आता टोळीवरच्या माझ्या मैत्रिणीबद्दल लिहिते. ती बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला आले की चार-पाच महिने ती आमच्या वर्गात बसायची. त्यांच्या कोपीत लाईट नव्हती आणि तिच्या वडिलांच्या साध्या फोनवर छाप उघडत नसे. बाई घरी मोबाईलवर अभ्यास देत होत्या तेव्हा ती दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन यायची आणि गप्प बसायची. आम्हाला वाटायचे ती आळशी आहे. सगळे शाळेतच व्हायला लागले तशी तिची वहीही भरू लागली. बल्बच्या प्रयोगात तारेचे प्लॅस्टिक सोलायचे राहिले आहे, हे आमच्या गटाला तिनेच दाखवले. एप्रिलमध्ये ती गावी गेली तेव्हा बाईंनी तिला स्टेपल केलेल्या पाच गोष्टी बांधून दिल्या. म्हणजे जो नियम माझ्या खोटेपणामुळे झाला, त्यात तिचे भले झाले. पण म्हणून माझे खोटे खरे होत नाही.

आता वहीकडे येते. वही उतरवताना कळले की बाई प्रत्येक साधनापुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहीत. एक, मराठीत आहे का? दोन, नेटशिवाय चालते का? तीन, खाते उघडून मुलांची नावे-जन्मतारखा द्याव्या लागतात का? चार, तयारीला माझा किती वेळ जातो? ज्यांनी मुलांची माहिती मागितली, त्या नावांवर बाईंनी लाल शाईने फुली मारली होती आणि शेजारी लिहिले होते, ‘हे फुकट नाही.’ काही ठिकाणी ‘जाहिराती फार’ असा शेरा होता. चौथ्या प्रश्नाची उत्तरे मी सहज जुळवली. एका तासाच्या धड्यासाठी दोन तास, कुठे अडीच तास. ते तास पारावर बसून गेलेले. आम्हाला फुकट मिळाले ते बाईंच्या वेळेने भरलेले होते.

वहीच्या मध्यावर फेब्रुवारी २०२३ चे पान आले. माझे हात गार पडले. बाईंनी लिहिले होते:

‘आज एका पालकांचे माझ्या गृहपाठामुळे नुकसान झाले. पाठ सहा मिनिटांचा. सहा मिनिटांत बॅटरी संपत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती मोबाईल दिला तर ती सहा मिनिटांवर थांबेल असे मी धरून चालले, ही माझी चूक. शिवाय टोळीवरच्या मुलांकडे मोबाईल नाही, हे मला आधीच दिसायला हवे होते. यापुढे सर्व शाळेतच. मुलीला काही विचारू नये. सांगावेसे वाटेल तेव्हा सांगेल.’

बाईंना सगळे ठाऊक होते! वर्गादेखत ऐकून घेतले तेव्हाही ठाऊक होते. दोन वर्षे त्या मला रोज वाचायला उभे करीत, माझ्या निबंधाला शाबासकी देत, आणि एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. मला वाटत होते मी लपवले आहे. मी लपवले नव्हते, बाईंनी झाकले होते.

म्हणून आज मी लिहिते आहे. अण्णा, तुम्ही प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनाला येता आणि नंतर भिंतीवरचे सगळे वाचता, हे मला माहीत आहे. त्या रविवारी मी अभ्यास दहा मिनिटे केला आणि बाकीचा वेळ कार्टून पाहिले. फोन माझ्यामुळे बंद पडला. ऊस माझ्यामुळे उभा राहिला. बाईंचा दोष नव्हता. तुम्ही मला काय शिक्षा कराल ती मी घेईन. फक्त एक करा. पुलापलीकडे बाईंची नवी शाळा आहे, तिथे मला एकदा घेऊन चला. उतरवलेली नवी वही इथे शाळेत राहील. जुनी भिजलेली वही मला बाईंना परत द्यायची आहे, आणि तुमच्यासमोर त्यांना खरे सांगायचे आहे.

आता विषयाचे उत्तर थोडक्यात देते, म्हणजे गुरुजी म्हणायला नकोत की विषय सोडून लिहिले.

बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. बालभारती पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली, म्हणजे उद्या तिचा वाढदिवस. तिचेच ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंकही इंटरनेटवर आहेत. पालकांपैकी कोणी लहानपणी ‘किशोर’ वाचला असेल तर मुलांना शेजारी घेऊन एखादा जुना अंक जरूर उघडावा. त्याशिवाय दीक्षा, स्टोरीवीव्हर, फेट, अरविंद गुप्ता यांची खेळणी, भुवन आणि विश्वकोश ही नावे वर आलीच आहेत. ‘फुकट’ आणि ‘खुले’ यांत फरक आहे हेही बाईंनी शिकवले. पाठ्यपुस्तक फुकट वाचता येते, पण त्यात आपण बदल करून छापू शकत नाही. स्टोरीवीव्हरची गोष्ट मात्र मूळ नावे ठेवून आपल्या बोलीत फिरवून लिहिता येते. शेजारच्या तक्त्यावर आमच्या वर्गाने एक गोष्ट आपल्या भीमाकाठच्या बोलीत लिहून लावली आहे, ती पाहावी.

पालकांना दोन विनंत्या. पारावर शिक्षक मोबाईल घेऊन बसलेले दिसले तर ते काय उतरवत आहेत, हे एकदा जवळ जाऊन पाहा. आणि घरी मोबाईल मुलांच्या हाती दिलाच, तर दहा मिनिटे शेजारी बसा. मी एकटी होते म्हणून बिघडले, असे म्हणून मी माझी चूक तुमच्यावर ढकलत नाही. पण शेजारी आजी जरी बसली असती तरी तिने विचारले असते, “काय गं, हा अभ्यास हाय व्हय?”

वर्गमित्रांनो, मला हसायचे असेल तर हसा. ‘रस्ता’ वाचता येत नव्हता तेव्हाही तुम्ही हसला होतात. आता वाचता येतो. शाळेपासून पुलापर्यंतचा आणि पुलावरून पलीकडचा रस्ताही मला ठाऊक आहे. अण्णा हो म्हणाले की निघायचे आहे.

एवढे लिहून लेखणी थांबवते. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली नम्र,
इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी
२६ जानेवारी २०२६